उन्हानं फुगणारे ओढे

अगं, उत्तराखंडातल्या हर की दूनच्या ट्रेकचं ठरलं हे ऐकून आनंद झाला, पण एप्रिलचा मध्य निवडलात हे कळल्यावर लगेच लिहायला बसले. मेअखेर गेली असतीस तर एवढं लिहिलं नसतं, आणि ऐन जानेवारीत गेली असतीस तर वेगळं काही सांगितलं असतं. हे मधले दिवस म्हणजे हिवाळाभर साचलेला बर्फ सुटायला लागतो ते दिवस, आणि हिमालयात याहून फसवे दिवस नाहीत. हवा सुखाची, आकाश निळं, बुरांश, म्हणजे तिकडचा ऱ्होडोडेंड्रॉन, लाल फुललेला, आणि पायाखालचं सगळं मात्र तासातासाला बदलत असतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे दिवस जास्तच फसवतात. आपल्या अंगात मुरलेले आडाखे तिथे उलटे पडतात.

म्हणून आधी एवढं एकच पक्कं धर: आपल्याकडे ओढा पावसानं फुगतो, तिथे तो उन्हानं फुगतो. आपण पावसाळ्यात उघडीप मिळाली की निघतो, कारण उघडीप म्हणजे पाणी ओसरणार. तिथे लख्ख उघडीप म्हणजे वरचा बर्फ वितळणार आणि दुपारी पाणी चढणार. आपल्याकडे दिवस कसा जाणार हे सकाळच्या ढगांवरून कळतं. तिथे ते रात्रीच्या आकाशावरून कळतं. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका उलथापालथीतून येतं. मला ते ज्या गढवाली गाइडांच्या मागे चालले त्यांच्याकडून आणि चंबा-कांगड्याकडच्या गद्दी मेंढपाळांकडून मिळालं. त्यांनी कुणी मला धडा म्हणून दिला नाही, चालता चालता दिला. तुलाही तो तसाच द्यायचा होता, पण गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून कागदावर.

आधी रात्रीचं सांगते. तंबूत शिरण्यापूर्वी आणि पहाटे उठल्यावर वर बघायची सवय लाव. चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर बर्फ दिवसभरातली ऊब रात्री आकाशात सोडून देतो आणि पृष्ठभाग घट्ट गोठतो. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरीही गोठतो, हे लक्षात ठेव. रात्रभर ढग असतील तर ती ऊब खालीच अडकते आणि बर्फ गोठतच नाही. थंडी कमी वाजली, झोप छान लागली, म्हणून सगळे खूश असतात. पण तीच रात्र वाईट. पहाटे तंबूबाहेरच्या बर्फावर टाच आपट. टाच टणकन वाजली, जेमतेम खूण उमटली, तर आज काही तास तुमचे आहेत. पहाटेच बूट घोट्यापर्यंत आत गेला तर त्या दिवशी उताराखालची किंवा नाल्यावरची वाट नको. मुक्काम वाढवा, खालच्या जंगलात फिरा, परत या, काहीही करा. आणि रात्री बर्फावर पाऊस पडला असेल तर टाच आपटायचीही गरज नाही.

अंदाजासाठी एक हिशेब देते. उंची हजार मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सांकरी सुमारे १,९२० मीटरवर आहे, म्हणजे गाडीतून उतरतेस तेव्हाच तू आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) डोक्यावर असतेस. हर की दून ३,५६६ मीटर. म्हणजे सांकरीत पहाटे सहा-सात अंश असतील तर वर उणे चार-पाचच्या आसपास धर. सांकरीतच पहाटे बारा-तेरा अंश असले तर वर गोठणार किती, हे तुझं तू ताड.

आता घड्याळ. तुम्ही पुण्याची मुलं किलोमीटर मोजता. ‘आज फक्त नऊ किलोमीटर आहे, आठला आरामात निघू’ हे वाक्य मला तुमच्या ग्रुपमधून नक्की ऐकू येणार. सुटत्या बर्फात अंतराला अर्थ नाही, तासांना आहे. पहाटेच्या घट्ट बर्फावर जी पट्टी दहा मिनिटांत पार होते, तीच दुपारी एकला मांडीपर्यंत रुतत पाऊण तास खाते आणि वर माणूस भिजून गारठतो तो वेगळा. गोठलेल्या रात्रीनंतर बर्फाचं पृष्ठ उन्हानं हळूहळू सुटायला लागतं. आधी वरचा थर साबुदाण्याएवढ्या मोकळ्या दाण्यांचा होतो, बोट-दोन बोटं जाडीचा, खाली अजून घट्ट. चालायला याहून चांगला बर्फ नाही. बूट नीट बसतो, घसरत नाही, रुतत नाही. ही वेळ फार तर दोन-तीन तास टिकते. दिवसाची सगळ्यात अवघड जागा या दोन-तीन तासांत यावी अशी निघायची वेळ ठरव. पार्वती खोऱ्यातल्या सर पासला मे महिन्यात आपली शेकडो मराठी मुलं जातात. तिथे नगारूच्या तळावरून रात्री तीन-चारला बॅटरीच्या उजेडात निघतात ते यासाठीच. त्यात कुणाला शौर्य वाटत असेल तर वाटू दे, खरं कारण बर्फ घट्ट असतानाच खिंडीपर्यंत पोचायचं हे आहे.

पण फार लवकर निघण्याचाही एक धोका असतो, तो कुणी सांगत नाही. अगदी पहाटे हाच बर्फ काचेसारखा नसला तरी इतका कडक असतो की उतारावर पाय सुटला तर थांबायला काही मिळत नाही. म्हणून कोणता उतार कधी उन्हात येतो ते आदल्या संध्याकाळी बघून ठेव. पूर्वेकडे तोंड केलेला उतार पहिल्या उन्हात सुटतो, दक्षिणेचा त्यानंतर, पश्चिमेचा दुपारनंतर. उत्तरेच्या उतारावर एप्रिलभर कडक थंडीचा बर्फ राहतो आणि सावलीतल्या वळणांवर वाटेवरच पातळ बर्फाचा थर बसलेला असतो, जो ओल्या दगडापासून वेगळा ओळखू येत नाही. आपण उन्हाळ्यात सावली शोधत चालतो. तिथे सावली दिसली की आधी मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर घालायचे काटे, चढवायचे आणि मग पाऊल टाकायचं. ते सॅकच्या तळाशी ठेवू नकोस, वरच्या कप्प्यात ठेव. लागतात तेव्हा सॅक उघडायला सपाट जागा नसते.

पाण्याकडे वळते, कारण त्या वाटेवर बर्फापेक्षा पाण्याची भीती मला जास्त वाटते. वाटेतलं ओस्ला गाव सोडून वर जाताना बाजूच्या घळींतून नाले उतरतात आणि नदीला मिळतात. सकाळी सहाला यातला एखादा नाला दगडादगडावर पाय टाकून ओलांडता येतो आणि दुपारी तीनला तोच गुडघ्याच्या वर असतो. उगम जवळ असेल तर पाण्याची भरती दुपारीच येते. मोठ्या नदीला वरून खाली यायला वेळ लागतो, म्हणून तिची भरती संध्याकाळी, कधी रात्री येते. सगळ्यात कमी पाणी पहाटे. संध्याकाळी नाल्यापाशी पोचलात आणि पाणी जास्त वाटलं तर अलीकडेच तंबू टाका. पहाटेपर्यंत तो आपोआप उतरतो. बारा तास थांबून सुटणारा प्रश्न उगाच जीव पणाला लावून सोडवायचा नाही.

पाण्यात उतरायचंच झालं तर अनवाणी नाही. हे पाणी नुकतंच बर्फ होतं. दोन मिनिटांत तळव्यांची जाणीव जाते आणि मग दगड कुठे आहे ते कळत नाही. फ्लोटर्स किंवा जुने बूट घाल, कोरडे मोजे सॅकमध्ये वर ठेव. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेव, म्हणजे पडलीस तर सॅक टाकता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे, एका वेळी एकच आधार हलवायचा. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर गेलं की मागे फिर. आणि एक गोष्ट मी सह्याद्रीत कितीतरी ग्रुप करताना पाहिली आहे, ती तिथे कृपा करून कुणाला करू देऊ नकोस: कमरेला रोप बांधून प्रवाहात उतरणं. माणूस पडला की रोप त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. हातानं धरायला आडवा रोप लावलात तर चालेल, पण अंगाला गाठ नको. नाला अचानक आटल्यासारखा कमी झाला, विशेषतः भर दुपारी, तर खूश होऊ नकोस. वर कुठेतरी बर्फ किंवा दरड कोसळून पाणी अडलेलं असू शकतं. पात्र सोडून तिथून लगेच उंच जागी जायचं.

काही नाल्यांवर बर्फाचे पूल दिसतील. हिवाळ्यात वरून कोसळलेला बर्फ घळीत भरतो, त्याखालून पाणी आपली वाट काढतं आणि वर छप्पर राहतं. तिकडचे गाइड ‘आगे ग्लेशियर है’ म्हणतात ते बहुतेक वेळा याला किंवा नुकत्याच कोसळलेल्या बर्फाला. हे ऐकलंस की काय आहे ते नीट विचारून घे. पूल वरून जाड दिसतो, पण वितळतो खालून, म्हणून वरून बघून त्याची जाडी कधी समजत नाही. दोन्ही टोकांना वाकून बघ, जिथे त्याची कड उघडी असते तिथे जाडी दिसते. मध्ये खोलगट झालेला, ओला करडा पडलेला, आडव्या भेगा गेलेला पूल वापरायचा नाही. काठी जोरानं मार, पोकळ आवाज आला तर नाही. पाण्याचा आवाज पायाखालून स्पष्ट येत असेल तर नाही. सगळं ठीक वाटलं तरी सकाळीच जायचं, एकेकानं जायचं, एक पलीकडे पोचल्यावरच दुसऱ्यानं निघायचं. आणि सकाळी ज्या पुलावरून गेलात तो परतताना दुपारी तसाच असेल हे गृहीत धरायचं नाही. वर जाताना परतीची वेळ डोक्यात नसली की लोक इथेच अडकतात.

हिमस्खलनाबद्दल फार घाबरवत नाही, पण मोघम बोलून सोडतही नाही. मोठा वाटा ३० ते ४५ अंशांच्या उतारांचा असतो. फोनमधल्या कोन मोजणाऱ्या अ‍ॅपनं सरावासाठी सिंहगडाचे दोन-चार उतार मोजून बघ, म्हणजे ३० अंश डोळ्याला किती वाटतात ते कळेल. लोक तो कोन नेहमी चुकीचा धरतात. आपण स्वतः त्या उतारावर असणं गरजेचं नाही, उतार डोक्यावर असला तरी पुरतं. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथु लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुपारी बाराच्या सुमारास बर्फ खाली आला आणि सात पर्यटक गेले. ते गिर्यारोहक नव्हते, गाडीनं आलेली माणसं होती. महिना एप्रिल, वेळ दुपारची आणि वर बर्फानं भरलेला उतार. मी तुला एवढं सांगतेय ते या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं म्हणून.

जंगलात वर बघत चाल. देवदारांच्या दाटीत मधूनच वरपासून खालपर्यंत सरळ उघडी पट्टी दिसेल, झाडं नाहीत, फक्त झुडपं. कडेच्या झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या असतील. तिथून दरी झकास दिसते आणि सगळ्यांना फोटो तिथेच काढायचा असतो. ती बर्फाच्या येण्याजाण्याची वाट आहे. तिथे न थांबता एकेकानं पुढे व्हायचं, डबा जंगलात शिरल्यावर उघडायचा. उन्हात आलेल्या उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले तर तो उतार तुम्हाला सांगतोय की वेळ संपली. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला तरी तेच. चंदीगडची डीआरडीओची संस्था, डीजीआरई, हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरसाठी हिमस्खलनाचे इशारे काढते. हवामान खात्याच्या अंदाजासोबत निघण्याआधी आठवडाभर तेही बघत राहा. पश्चिमी झंझावात येऊन गेला असेल, नवा बर्फ पडला असेल, तर त्यानंतरचे पहिले एक-दोन उन्हाचे दिवस खाली काढा. नेमके हेच दिवस सगळ्यात सुंदर दिसतात आणि नेमके याच दिवशी लोक निघतात.

दगडांचं तुला फार सांगायला नको, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली आहेस तू. एकामागे एक अंतर ठेवून चालणं, दगड सुटला की ओरडणं, हे अंगात आहे. फक्त कारण समजून घे. फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि दगडाला पाचरीसारखं ढिलं करतं. गोठलेला असतो तोवर तो बर्फच दगडाला धरून ठेवतो. सकाळी त्या कड्यावर ऊन आलं की पकड सुटते. म्हणजे आपल्याकडे दगड पावसात पडतात, तिथे पहिल्या उन्हात पडतात. कड्याखाली ऊन खात बसायचा मोह होईल. नको.

आता पायांचं. मुरमाच्या घसाऱ्यावर आपण भीतीनं डोंगराकडे झुकतो, हात टेकतो, आणि आपल्याकडे ते खपून जातं. बर्फावर झुकलीस की बुटाची कड सुटते. सरळ उभी राहा, वजन थेट बुटावर येऊ दे. चढताना पुढचा पंजा मारून पायरी कर, उतरताना टाच रोव, गुडघा ताठ न ठेवता, आणि ‘पडेन की काय’ असं वाटेल इतकं वजन पुढे टाक. पुढच्याच्या पायऱ्या मोडू नकोस. वर डोकं काढलेल्या दगडांपासून आणि झाडांच्या बुंध्यांपासून हात-दोन हात लांब चाल. दगड आणि बुंधे उन्हानं तापतात आणि भोवतालचा बर्फ आतून पोकळ करतात, पाय गेला तर कमरेपर्यंत जातो आणि आत खडकाची धार असते. बुरांशाची झुडपं बर्फाखाली वाकून झोपलेली असतात, त्यांच्यावर पाय पडला तरी तीच गत. पाय अडकला तर हिसका देऊन ओढायचा नाही, खणून काढायचा. गुडघे अशाच हिसक्यांनी जातात.

घसरत खाली जाण्याचा खेळ तुम्ही खेळणारच, नाही म्हणून ऐकणार नाही. तर मग एवढं: खालचा थांबा पूर्ण दिसत असेल, मध्ये दगड नसतील, बर्फ मऊ असेल, तरच. आणि बसण्याआधी मायक्रोस्पाइक्स काढायचे. काट्यांसकट घसरताना काटा बर्फात अडकला की घोटा मोडतो. आइस अ‍ॅक्स हातात आहे म्हणून घसरणं थांबवता येतं असं नाही, ते शिकावं लागतं. पुढच्या वर्षी रजा जुळव आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स कर. १९६५ पासून ते हेच शिकवताहेत. खर्च मी देईन.

कपड्यांत एकच नियम, सुती काही नको. सुती मोजा, सुती टी-शर्ट, जीन्स, सगळं घरी. भिजलेलं सूत अंगावर वाळत नाही आणि ऊब काढून घेतं. लोकरीचे मोजे तीन जोड घे, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा, त्याला बाहेरची ओल लागू द्यायची नाही. बूट रात्री तंबूच्या आत ठेव, नाहीतर पहाटे ते गोठलेले मिळतील आणि तुमचा सोन्याचा पहिला तास त्यांच्याशी झटण्यात जाईल. ओले मोजे झोपताना पोटाशी घे, सकाळी बऱ्यापैकी वाळतात. पाण्याची बाटली उलटी ठेव. पाणी वरून गोठायला सुरुवात होते, तोंड खाली असलं की सकाळी बूच उघडतं. कुणी बडबड विसरायला लागलं, जीभ जड झाली, पाय अडखळायला लागले, तर त्याला ‘चल, पोचलोच’ म्हणायचं नाही. थांबून ओले कपडे काढा, कोरडे घाला, स्लिपिंग बॅगमध्ये घाला, गोड गरम प्यायला द्या. दारू नाही, हातपाय चोळणं नाही.

डोळ्यांना मात्र जपायचं म्हणजे जपायचंच. ताजा बर्फ अतिनील किरणांतला ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, आणि दर हजार मीटरला हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ऊन वरून येतं तसंच खालूनही येतं, म्हणून कडा झाकलेला चष्मा लागतो आणि मलम नाकपुड्यांखाली, हनुवटीखालीही लावावं लागतं. ढगाळ दिवशीही. डोळे पोळले की तेव्हा कळत नाही, रात्री खुपायला लागतात, पाणी येतं, बॅटरीचा उजेड सहन होत नाही. चष्मा हरवला तर बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बारीक फटी पाड आणि डोळ्यांवर बांध, निभतं. आणि सांकरीतून निघण्याआधी तुमचं सामान उचलणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांवर चष्मा आहे का ते बघ. नसेल तर तिथल्या दुकानातून ग्रुपच्या पैशातून घेऊन दे. त्याच्या पायात काय आहे तेही बघ. आपले पाय दहा हजारांच्या बुटात आणि ज्याच्या पाठीवर आपलं अन्न आहे त्याचे कापडी बुटात, हे मला कधीच पाहवलं नाही, तुलाही पाहवता कामा नये.

सुटत्या बर्फाच्या दिवसांत जमीन फार हळवी असते. वाटेचा चिखल झालेला असतो आणि चिखल टाळायला सगळे कडेच्या गवतावरून जातात. बुग्यालावरचं, म्हणजे तिकडच्या उंचावरच्या कुरणांवरचं, गवत नुकतं डोकं काढत असतं, ओल्या मातीत ते मुळासकट निघतं, आणि पुढच्या वर्षी त्या जागी ओहळ पडतो. बूट खराब होऊ दे, चिखलातूनच चाल. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली ती हे नुकसान पाहूनच. तिकडचे गद्दी, गुज्जर, भेडवाले पिढ्यानपिढ्या कळप वर नेतात, पण ते गवत उठण्याची वाट बघून. कळप वर सरकायला लागले नसतील तर वर अजून माणसाचं काम नाही असा अंदाज मी नेहमी धरत आले.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी राहिली. परत फिरायची वेळ. आदल्या रात्री जेवताना सगळ्यांच्या साक्षीनं ती ठरवा आणि आकड्यात ठरवा. ‘दहाला जिथे असू तिथून माघारी’ असं. ‘बघू, हवामान कसं असेल तसं’ असं नाही. दुपारनंतर एप्रिल-मेमध्ये गडगडाट, गारा, वारा कधीही येतो, आणि उघड्या धारेवर त्या वेळी असू नये. जून २०२४ मध्ये सहस्रतालला कर्नाटकच्या ग्रुपमधली नऊ माणसं खराब हवामानात गेली, आणि तो तर जून होता. ठरलेली वेळ झाली की शिखर समोर दिसत असलं तरी फिरायचं. ग्रुपमध्ये कुणी एक जण फिरू म्हणाला की बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही. तुमच्यात हे आधी बोलून ठेवा, कारण वर गेल्यावर ‘फिरूया’ म्हणायला फार धाडस लागतं आणि बहुतेक माणसं ते गप्प राहून टाळतात. गाइड ‘आज नहीं’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. पैसे दिलेत म्हणून त्याचा नकार विकत घेतलेला नाही. उलट नकार देणाऱ्या गाइडला जास्त बक्षिसी द्यायची, म्हणजे पुढच्या ग्रुपलाही तो नाही म्हणू शकेल.

फिरायचं मन होत नाही त्याचं खरं कारण शिखर नसतं, रजा असते. शुक्रवारी परत ऑफिसला, रविवारी रात्रीची गाडी, देहरादूनहून ठरलेलं विमान. मी पाहिलेल्या बहुतेक वाईट निर्णयांमागे असं एक तिकीट होतं. देहरादून ते सांकरी मसुरी, पुरोला, मोरीवरून दिवसभराचा रस्ता आहे, आणि याच दिवसांत त्याच्यावरही दरडी येतात. म्हणजे डोंगरावर एक दिवस आणि रस्त्यावर एक दिवस हातात मोकळा पाहिजे. सांकरीच्या पुढे फोनचा भरवसा नाही, म्हणून निघताना कुठल्या दिवशी कुठे मुक्काम ते बाबांना लिहून दे, आणि किती तारखेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं तेही. ती तारीखसुद्धा मोकळा दिवस धरूनच लिही, नाहीतर तू चहा पीत बसलेली असशील आणि इकडे बाबा पोलिसांना फोन करत असतील.

परतीचं तिकीट अजून काढलं नसशील तर दोन दिवस पुढचं काढ. काढलं असशील तर आजच बदलून घे, जास्तीचे पैसे मी पाठवते.